केळवण की साखरपुडा? कम्युनिटी शील्ड पाहण्याची सोपी कृती, नवशिक्यांसाठी

ऑगस्टचा पहिला पंधरवडा. बाहेर पावसाची रिपरिप, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले. अशात घरातलं एखादं माणूस लाल जर्सी पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरून दर दहा मिनिटांनी ती चाचपू लागलं, तर घाबरू नये. इंग्लंडचा फुटबॉल हंगाम उघडतोय, एवढाच त्याचा अर्थ.

ही मार्गदर्शिका त्या माणसासाठी नाही. त्याला सगळं येतं, निदान त्याचा तसा समज असतो. ही आहे त्याच सोफ्यावर बसण्याची वेळ आलेल्या इतरांसाठी : आई, बायको, सासरे, राखीला आलेला मामा.

लेखिकेची पात्रता : माहेर कोल्हापूर. मात्र लग्नापर्यंत फुटबॉल म्हणजे 'दादाला शाहू स्टेडियमवरून घरी यायला उशीर होण्याचं कारण', एवढंच माहीत होतं. पुढे पुण्यात मुलगा झाला, तो मोठा झाला आणि एके दिवशी त्यानं जाहीर केलं की तो लिव्हरपूलचा आहे. त्यानंतरचं सगळं शिक्षण सोफ्यावरच झालं.

हा सामना म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडमध्ये दोन मोठे मान असतात. एक प्रीमियर लीग : वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, ऑगस्ट ते मे. दुसरा एफए कप : बाद फेरीची स्पर्धा, त्यात गावोगावचे शेकडो क्लब. गेल्या हंगामातला लीगविजेता आणि कपविजेता नव्या हंगामाच्या तोंडावर समोरासमोर येतात, ती कम्युनिटी शील्ड. एकच सामना, बहुधा वेम्बली स्टेडियमवर.

दोन्ही मान एकाच संघानं पटकावले तर? मग लीगमध्ये दुसऱ्या आलेल्याला बोलावतात. एकच पाहुणा दोन पाटांवर बसला, तर पंगत पुरी करायला शेजारच्याला हाक मारतात, तसं. २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीनं दोन्ही मान मिळवले होते, म्हणून आर्सेनलला आमंत्रण गेलं. शेजारी आले, जेवले आणि चांदीचं ताट घेऊन घरी गेले.

आता मुख्य अडचण. हा सामना खरा आहे की सरावाचा? चषक म्हणून मोजायचा की नाही? शंभर वर्षांहून जास्त काळ ह्यावर वाद चालू आहे. आपल्या भाषेत सांगायचं, तर हा साखरपुडा की केळवण? साखरपुडा म्हटलं की त्याला वजन आलं : कोण कसं वागलं ते लोक वर्षभर लक्षात ठेवतात. केळवण म्हणजे जेवायला बोलावलं, जेवलो, आलो. नवशिक्यानं एकच नियम पाठ करावा : जिंकलेल्यासाठी तो साखरपुडा असतो, हरलेल्यासाठी केळवण. आणि सामना संपेपर्यंत कोणाचं काय होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

साहित्य (चार माणसांसाठी)

टीव्ही, एक. ॲप, एक, पासवर्ड शक्यतो नात्यातल्या कुणाचा तरी. जर्सी, एक, अर्धओली. खाणं : श्रावण असल्यामुळे तांबड्या-पांढऱ्याचा विषय काढू नये, मूगभजी आणि आदल्या दिवशीचा उरलेला नारळीभात उत्तम. घड्याळ : उन्हाळ्यात इंग्लंडच्या वेळेत साडेचार तास मिळवा. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. स्वयंपाक त्याआधी उरकावा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं, तेवढ्यात पोळ्या होत नाहीत.

पायरी १ : इतिहास पाठ करा, पण मोजकाच

सगळा इतिहास सांगू गेलात तर मुलं उठून जातात. चार गोष्टी पुरतात.

पहिली, सुरुवातीची. १९०८ साली स्टॅमफर्ड ब्रिजवर मँचेस्टर युनायटेड आणि क्वीन्स पार्क रेंजर्स खेळले. बरोबरी झाली. एप्रिलमधल्या त्या बरोबरीचा निकाल लागला ऑगस्टच्या अखेरीस, फेरसामन्यात : युनायटेड ४-०. आपल्याकडच्या कोर्टाच्या तारखांपुढे हे काहीच नाही, हे वाक्य इथे टाकलंत तर घरातले ज्येष्ठ हसतात.

दुसरी, वाटणीची. पुढे बरोबरी झाली की ढाल दोघांत वाटून घेण्याची पद्धत पडली. सहा महिने ह्यांच्या कपाटात, सहा महिने त्यांच्या. म्हातारे आईवडील थोरल्याकडे सहा महिने आणि धाकट्याकडे सहा महिने, हा हिशोब आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. १९९१ साली आर्सेनल आणि टॉटनहॅमनं शेवटची अशी वाटणी केली. आता नव्वद मिनिटांत बरोबरी झाली की जादा वेळ नाही, सरळ पेनल्टी.

तिसरी, गोलरक्षकाची. १९६७ मध्ये टॉटनहॅमचा गोलरक्षक पॅट जेनिंग्ज ह्यानं आपल्या गोलपुढून चेंडू पायानं लांब भिरकावला. तो पलीकडच्या टोकाला टप्पा पडून युनायटेडच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून थेट जाळ्यात गेला. सामना ३-३ सुटला. गोलरक्षकानंच गोल करावा आणि तरी ढाल अर्धीच मिळावी, ह्याहून मोठा अन्याय माझ्या ऐकण्यात नाही.

चौथी, साखरपुड्यातल्या भांडणाची. १९७४. वेम्बलीवरची पहिली शील्ड, लीड्स विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलचा केव्हिन कीगन आणि लीड्सचा कर्णधार बिली ब्रेमनर हातघाईवर आले, पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं. जाता जाता दोघांनी अंगातले शर्ट काढून फेकले. पाचशे-पाचशे पौंड दंड झाला आणि लांबलचक बंदी पडली. 'ही तर फ्रेंडली मॅच' असं कुणी म्हणालं, की ह्या दोन उघड्या माणसांची आठवण करून द्यावी.

पायरी २ : नाव नीट घ्या

घरात वडीलधारे कुणी 'चॅरिटी शील्ड' म्हणाले, तर दुरुस्त करू नका. २००२ पर्यंत तेच नाव होतं. तिकिटाच्या पैशांतले नेमके किती धर्मादाय कामाला जातात, हे फुटबॉल संघटनेनं नीट सांगितलं नव्हतं. तिथल्या धर्मादाय आयोगानं त्यावर बोट ठेवलं आणि नाव बदलून 'कम्युनिटी शील्ड' झालं. आपल्याकडे वर्गणीचा हिशोब मागितला तर मंडळ नवा फलक लावतं, त्यातलाच प्रकार. पैसे मात्र आजही जातात. एफए कपच्या पहिल्या मुख्य फेरीपासून खेळलेल्या १२४ क्लबांना वाटा मिळतो आणि ते तो आपापल्या भागातल्या कामांना देतात.

पायरी ३ : सर्वनामांवर लक्ष ठेवा

हा ह्या मार्गदर्शिकेचा गाभा आहे. सामना समजला नाही तरी चालेल, पण व्याकरण समजलं पाहिजे. आपल्या संघानं गोल केला, की क्रियापद 'आपण' घेऊन येतं : 'मारला आपण!' गोल खाल्ला, की लगेच तृतीय पुरुष : 'ह्यांना डिफेन्सच नाही.' तेच अकरा खेळाडू, तोच सोफा, मधे फार तर दोन मिनिटं. 'आपण' ऐकू आलं की भजी आणावीत. 'ह्यांना' ऐकू आलं की स्वयंपाकघरात काम काढावं.

पायरी ४ : बाजू निवडा

तटस्थ बसणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात. बाजू घ्या. कुठली, ह्यावर आमच्या दादाचं सूत्र सोपं आहे. २०२५ ची शील्ड १० ऑगस्टला होती आणि राखी आदल्या दिवशी. त्यामुळे दादा मुक्कामाला होता. गतवर्षीचा लीगविजेता लिव्हरपूल विरुद्ध एफए कपविजेता क्रिस्टल पॅलेस. दादानं विचारलं, "ह्या पॅलेसवाल्यांच्या कपाटात काय काय हाय?"

चिरंजीव म्हणाले, "एक. ह्याच मे महिन्यात मिळालेला. त्याआधी एवढ्या वर्षांत मोठं असं काहीच नाही."

"आणि तुमच्या?"

"शील्डच सोळा आहेत."

"मग मी रिकाम्या कपाटाच्या बाजूनं." असं म्हणून दादानं मांडी घातली. ह्या माणसानं उभं आयुष्य पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ह्या तालमींच्या सामन्यांना घसा बसवून घेतला आहे. कोण कुठल्या पेठेचा, हे विचारल्याशिवाय तो चेंडूकडे बघत नाही. लंडनच्या दक्षिण भागातल्या एका पेठेला त्या संध्याकाळी पुण्यात एक समर्थक मिळाला.

पायरी ५ : बोलण्यासाठी सुरक्षित वाक्यं

नवशिक्यानं स्वतःचं मत देऊ नये. खालची वाक्यं आलटून पालटून वापरावीत.

– 'अजून पाय मोकळे झाले नाहीत.' (पहिली वीस मिनिटं. दोन्ही संघांना लागू.)
– 'नवीन पोरगा बरा दिसतोय.' (उन्हाळ्यात प्रत्येक संघानं कुणी ना कुणी विकत घेतलेला असतोच.)
– 'लीगमध्ये असं चालणार नाही.' (कुणीही गोल खाल्ला तरी.)
– 'शेवटी निकालापेक्षा तयारी महत्त्वाची.' (फक्त हरत असलेल्या बाजूच्या माणसापाशी, आणि हळू आवाजात.)

'ऑफसाइड म्हणजे काय' हे विचारू नका. सांगणाऱ्यालाही ते अर्धंच माहीत असतं, आणि समजावताना तो मीठदाणी, चमचे आणि तुमचा चष्मा वापरतो.

पायरी ६ : एका माणसाचा अभ्यास करा

केळवण-साखरपुड्याचा नियम पटत नसेल, तर जोझे मोरिन्यो ह्या प्रशिक्षकाकडे पाहा. २०१५ मध्ये त्याची चेल्सी आर्सेनलकडून शील्ड हरली. उपविजेत्याचं पदक गळ्यात पडलं, ते त्यानं गर्दीतल्या एका मुलाकडे फेकून दिलं. केळवण! पुढच्या वर्षी तो मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला आणि लेस्टरला हरवून शील्ड जिंकला. त्या हंगामाच्या शेवटी युरोपा लीग जिंकल्यावर त्यानं कॅमेऱ्यासमोर तीन बोटं दाखवली : तीन चषक. त्यातलं एक बोट शील्डचं होतं. साखरपुडा! ढाल तीच. फक्त ती कुणाच्या हातात होती, ते बदललं होतं.

पायरी ७ : शकुन पाहू नका

शील्ड जिंकली की लीगही जिंकणार, असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना हे सांगा : २०१९ ते २०२४ ह्या सलग सहा वर्षांत शील्ड जिंकणाऱ्या संघाला त्या हंगामाची लीग मिळाली नाही. उलट शकुनही धरू नये. २०२२ मध्ये सिटीच्या नव्या अर्लिंग हालांडनं शेवटच्या मिनिटांत मोकळ्या गोलसमोरून चेंडू आडव्या खांबावर मारला. लिव्हरपूल ३-१ जिंकलं आणि जगभर हशा पिकला. त्याच हालांडनं त्या हंगामात लीगमध्ये ३६ गोलांचा विक्रम केला आणि सिटीनं लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही मान मिळवले. लिव्हरपूल पाचव्या क्रमांकावर राहिलं. साखरपुड्यात नवरदेवाच्या हातून अंगठी खाली पडली, म्हणून लग्न मोडत नाही.

पायरी ८ : प्रत्यक्ष सामना (उदाहरणासह)

आता १० ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ सोडवून दाखवते.

सामन्याआधी वेम्बलीवर शांतता पाळली गेली. लिव्हरपूलचा दिओगो जोटा महिन्याभरापूर्वी, ३ जुलैला, स्पेनमध्ये मोटार अपघातात गेला होता, सोबत त्याचा भाऊही. आमच्या बैठकीच्या खोलीत चिरंजीव सोफ्यावरून उठून सरळ उभे राहिले. मी भज्यांचा झारा हातात घेऊन दारात थबकले. गर्दीतल्या काहींच्या ओरडण्यामुळे ती शांतता मधेच आटोपती घ्यावी लागली. दादा काही बोलला नाही, पण मांडी मोडून त्यानं पाय खाली सोडले.

चौथ्याच मिनिटाला नव्या एकिटिकेनं गोल केला. 'मारला आपण!' भजी आणली. सतराव्या मिनिटाला मातेतानं पेनल्टीवर बरोबरी साधली. 'ह्यांना डिफेन्सच नाही.' मी स्वयंपाकघरात. चारच मिनिटांत फ्रिंपाँगचा गोल, पुन्हा 'आपण', मी पुन्हा बाहेर. मध्यंतराला २-१. ७७ व्या मिनिटाला इस्माईला सारनं बरोबरी साधली आणि दादानं "हाण!" म्हणून जी आरोळी ठोकली, ती ऐकून खालच्या मजल्यावरून फोन आला.

मग टायब्रेकर. इथे नवशिक्यानं एकच करावं : गप्प बसावं. सालाहनं आडव्या खांबावरून चेंडू उंच धाडला. मॅक ॲलिस्टर आणि एलियट ह्यांचे फटके पॅलेसच्या डीन हेंडरसननं अडवले. पॅलेसचेही दोन फटके वाया गेले. शेवटी जस्टिन डेव्हेनी नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा चेंडू ठेवायला आला. "शिकाऊ दिसतंय," दादा पुटपुटला, पण त्यानं नारळीभाताची वाटी खाली ठेवली. पोरानं चेंडू जाळ्यात घातला. पॅलेस ३-२. त्यांच्या आयुष्यातली पहिली शील्ड.

दुसऱ्याच दिवशी पॅलेसला एक धक्का बसायचा होता. क्लबच्या मालकीच्या नियमांवरून त्यांना युरोपा लीगमधून खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं होतं, आणि त्याविरुद्धचं त्यांचं अपील क्रीडा लवादानं फेटाळलं. पण ती रविवारची संध्याकाळ त्यांची होती.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्र. ढाल दिसते कशी?*
उ. गोल, चांदीची. जिंकणारा कर्णधार ती डोक्यावर धरतो, तेव्हा परातीत कणीक घेऊन निघाल्यासारखा दिसतो. हे चाहत्यांसमोर बोलू नये.

*प्र. दुसऱ्या देशांतही असं असतं का?*
उ. असतं. पण स्पेनचा सुपर कप हल्ली चार संघांचा, जानेवारीत आणि बहुतेक वेळा सौदी अरेबियात होतो. त्याला हंगामाची सुरुवात म्हणणं म्हणजे संक्रांतीला गुढी उभारणं.

*प्र. आणि भारतात?*
उ. आपला सुपर कप म्हणजे बाद फेरीची अख्खी स्पर्धाच. २०१९ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला तो एफसी गोवानं जिंकला. गोव्याच्या माणसासमोर 'तो काही खरा कप नव्हे' म्हणून पाहा, केळवण की साखरपुडा ते तिथल्या तिथे कळेल.

*प्र. मधेच झोप आली तर?*
उ. डोळे मिटून 'डिफेन्स' म्हणा. कुणाला शंका येत नाही.

पायरी ९ : निकालानंतर

हरलेल्या चाहत्याशी बोलू नका, असं मी लिहिणार होते. त्या दिवशी दादानं ही पायरी बदलायला लावली.

चिरंजीव टीव्ही बंद करून म्हणाले, "फ्रेंडलीच होती, मामा. खरा सीझन शुक्रवारी सुरू होतोय."

दादानं विचारलं, "मग सुरुवातीला उठून उभा का राहिला होतास?"

उत्तर आलं नाही. दादानं आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "हरलो म्हणावं लेका. आमच्याकडं हरलेला हरलो म्हणतोय, म्हणून जिंकलेल्याच्या गुलालाला रंग चढतोय. तू खेळच नव्हता म्हणालास, तर त्या पोरानं काय मिळवलं? आणि उद्या तू जिंकलास, तर कुणाला सांगणार?"

मुलगा आत निघून गेला. पंखा फिरत राहिला. मी ताटं उचलली, दादानं भज्यांचा शेवटचा तुकडा संपवला. दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात जर्सी घातलेली आकृती उभी राहिली.

"आई, नारळीभात आहे का अजून?" आणि मग, वाटीत बघत, "हरलो आपण."

चार वर्षांच्या माझ्या अभ्यासात हरल्यावर 'आपण' मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यात मीही आले होते बहुधा.

शुक्रवारी लिव्हरपूलचा लीगचा पहिला सामना आपल्या वेळेनं रात्री साडेबाराला होता. मी माझ्याही फोनवर गजर लावला आणि जर्सी धुवायला टाकली. पाच दिवसांत वाळेल, अशी आशा होती.